आडनावाने हाक

जेद्द्याच्या त्या हॉस्पिटलात सकाळची ड्यूटी बदलली की नवजात बाळांच्या खोलीत जी हजेरी चालायची, ती बाहेरून ऐकणाऱ्याला एखाद्या तहसील कचेरीतली वाटली असती. "काय साळवी, झोप झाली का? जाधव, तुम्ही परत ओले? अहो परकार, जरा दम धरा, दूध येतंय." यातले साळवी काल जन्मलेले असायचे, जाधव परवा, आणि परकारांची नाळ अजून पडलेली नसायची. आणि त्यांच्याशी अशा अदबीने बोलणाऱ्या बाई म्हणजे आमच्या तारी सिस्टर.

मी खाली लॅबमध्ये टेक्निशियन होते. बाळांची कावीळ तपासायची म्हणजे टाचेला टोचून रक्त घ्यायचं, त्यासाठी मला रोज वर जावं लागे. सुई काढली की सिस्टर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहत. "घोरपड्यांना फार टोचू नको गो. काल रडून रडून त्यांचा घसा बसलाय." मग घोरपड्यांची माफी त्याच मागायच्या. ठेंगणी, रुंद खांद्यांची मूर्ती, मेंदी लावून तांबडे झालेले केस, जाड तळाचे पांढरे बूट, आणि अंगाला बेबी पावडर आणि डोकेदुखीच्या बामाचा मिसळलेला वास. तो वास मला अजून कधीतरी अचानक येतो. मग उरलेला दिवस कशातच लक्ष लागत नाही.

बाळांना आडनावाने हाक मारण्यात तसं जगावेगळं काही नव्हतं. बाळ जन्मलं की त्याच्या मनगटावर पट्टी बांधायची, तिच्यावर आईचं नाव. बाळाला स्वतःचं नाव नसतं तोवर सगळ्याच नर्सेस पट्टीवरचं आडनाव घेत. केरळच्या नर्सेस म्हणायच्या, "सिस्टर, शेख को उल्टी हुआ." फरक इतकाच, की बाकीच्यांची ती सोय होती आणि तारी सिस्टरांचा तो धर्म होता.

त्यांचं पहिलं नाव मला माहीत नाही. एवढी वर्षं झाली, तरी नाही. एकदा फारच मागे लागले तेव्हा म्हणाल्या, "कुठलं सांगू? बापाने ठेवलेलं, की नवऱ्याने ताटातल्या तांदळात लिहिलेलं? एक मोडलं, दुसरं मी टाकलं. आता काय करायचं ते नाव?" सोळा-सतराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. नवरा हात उगारणारा निघाला. एका सकाळी त्या नेसत्या लुगड्यानिशी माहेरी परत आल्या, नर्सिंगला गेल्या आणि बापाचं आडनाव पुन्हा लावलं. "आडनाव मात्र मी मागून घेतलंय. फुकटचं नाय माझं." बापाची खाडीवर तर होती, म्हणजे माणसं ने-आण करायची होडी. माणसांना या काठावरून त्या काठावर न्यायचा धंदा, म्हणून घराणं तारी. खाडीवर पूल झाला आणि ती तर बंद पडली. बापही फार दिवस टिकला नाही.

सिस्टरांचा सिद्धान्त जन्मला तो जेद्द्यातच. सौदी बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत, हे त्यांना पट्ट्यांवरूनच कळलं. नवरा बाळ बघायला यायचा, स्वतःचं घराणं सांगायचा, आणि पट्टीवर असायचं भलतंच. आधी सिस्टरांना वाटलं, बाळांची अदलाबदल झाली. त्या जाम घाबरल्या. मग एका बाळंतिणीने समजावून सांगितलं, की मी मरेपर्यंत माझ्या बापाचीच मुलगी, नवऱ्याचं नाव मी कशाला लावू? सिस्टर त्या दिवशी लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसल्याच. "बघितलंस? ह्या डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या, आणि नाव उघडं. आपण डोकी उघडी टाकून फिरतो, आणि नाव कुठे गेलं ते आपल्यालाच ठाऊक नाय."

त्यात तिथल्या एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंना मुलगा झाला आणि त्यांनी त्याचं पहिलं नाव म्हणून आपल्या माहेरचं आडनाव ठेवलं. त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे म्हणे. झालं. सौदी बायकांचं अर्धं आणि अमेरिकनांचं अर्धं असं जोडून सिस्टरांनी आपलं शास्त्र तयार केलं. मराठी बाईचं माहेरचं आडनाव मांडवात बुडतं, ते तिने आपल्या पहिल्या बाळाला पहिलं नाव म्हणून द्यायचं. बापाचं पुढे आहेच. म्हणजे दोन्ही घरं एका पोरात नांदतील.

त्यानंतर जेद्द्यात बाळंत होणाऱ्या मराठी बाईची धडगत नव्हती. टाके ओले असतानाच सिस्टर खाटेशी हजर. "माहेरची कोण गो तू?" एका हिशेबनीसाची बायको माहेरची उकिडवे निघाली. सिस्टरांनी तिच्या नवऱ्याला व्हरांड्यात गाठून तासभर पटवलं. तो बिचारा सभ्य माणूस. शेवटी हात जोडून म्हणाला, "सिस्टर, पोरगा शाळेत जाणार आहे हो. मास्तर काय म्हणून हाक मारतील त्याला?" सिस्टर म्हणाल्या, "मास्तर आडनावानेच मारतात हाक. तुमचं काय जातंय?" हिशेबनीसांनी दुसऱ्याच दिवशी बायकोला घरी नेलं.

एक मात्र त्यांच्या गळाला लागले. बलदमध्ये, म्हणजे जेद्द्याच्या जुन्या बाजारात, अत्तराचं दुकान असलेले रत्नागिरीकडचे एक भाई होते. त्यांची बायको माहेरची मुकादम. भाईंना ही कल्पना भयंकर आवडली. "अकीक्याला नाव ठेवू आम्ही रीतसर," ते म्हणाले, "पण घरात पोराला मुकादमच म्हणणार. तिच्या अब्बांना फोनवर सांगितलं तर म्हातारा म्हणाला, पोराच्या कानाला फोन लाव." हे सांगताना सिस्टरांचे डोळे असे काही चमकायचे, की जणू तो फोन त्यांच्याच बापाला गेला होता.

मी मनातून त्यांना हसायचे. आता वाटतं, त्या खोलीत जाऊन त्यांच्या शेजारी एक सकाळ उभं राहता आलं, तर मी काय वाटेल ते देईन.

सिस्टरांना एक धाकटा भाऊ होता, बाबू. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवला. तो कुवेतला एका कुवेती माणसाच्या दुकानात होता. वय होऊनही त्याचं लग्न जमत नव्हतं, आणि जमलं तेव्हा सिस्टरांनी सगळ्या वॉर्डात खजूर वाटले. दापोलीकडची मुलगी, मार्गशीर्षात लग्न. "आमच्यात आता तारी म्हणायला एवढा एक पुरुष उरलाय," त्या म्हणायच्या. "चुलते निपुत्रिक गेले. ह्याला पोरं झाली की मी सुटले. मग मी कुणाच्या आडनावाच्या मागे लागणार नाय."

त्याच वर्षी, नव्वदच्या ऑगस्टमध्ये, इराकने कुवेत घेतलं. फोन मुके झाले. आपली माणसं अम्मानवरून विमानांनी घरी जाऊ लागली, तेव्हा सिस्टर रोज कुणाकुणाला गाठून विचारायच्या. दापोलीच्या एका माणसाने गावी पोचल्यावर निरोप धाडला: बाबू भेटला होता, धडधाकट आहे, पण निघाला नाही. त्याचा कफील, म्हणजे तो कुवेती मालक, बायकामुलांना घेऊन पळाला आणि जाताना घराच्या किल्ल्या बाबूच्या हातात देऊन गेला. सगळे चला चला म्हणत होते, तर हा म्हणाला, माणसाने विश्वासाने किल्ल्या दिल्यात, मी कसा जाऊ. निरोप ऐकून सिस्टर चिडल्या. "दुसऱ्याच्या घराची राखण करतोय गाढव." आणि मग वळून म्हणाल्या, "आमच्या बापासारखाच आहे. तरीवर माणूस चढलं की उतरेपर्यंत ते आपलं, म्हणायचा."

मार्गशीर्ष आला आणि गेला. दापोलीची मुलगी थांबली होती. ती किती दिवस थांबेल, हे सिस्टर कधी बोलल्या नाहीत.

तेव्हापासून त्यांच्या युनिफॉर्मच्या खिशात एक छोटा रेडिओ असे, बाळाच्या फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला. बातम्यांच्या वेळी त्या दूध पाजता पाजता कान खिशाकडे झुकवत. मांडीवरचं बाळही ऐकतंय असं वाटायचं. बातम्या संपल्या की त्याला सांगायच्या, "काही नाय हो सुर्वे. तेच कालचं."

माझी कथा काही वेगळी नव्हती. नवरा जेद्द्याच्या ऑफिसात होता, पण पावसाळा संपता संपता त्याला कुवेतच्या बाजूच्या किनाऱ्यावर, रास तनुराच्या रिफायनरीत कामावर पाठवलं आणि तिथेच ठेवलं. पासपोर्ट कंपनीकडे, रजा बंद. मला चौथा महिना होता. आठव्यात घरी जायचं ठरलं होतं, पण तोवर लढाई सुरू झाली आणि विमानतळ बंद. देवरूखहून आईची पत्रं यायची, त्यात नुसतं रडणं. नवरा शुक्रवारी फोन करी. तिकडे क्षेपणास्त्रं पडत होती, भोंगे वाजत होते, तो मुखवटा चढवून तळघरात बसायचा. "समुद्रावर काळं तेल आलंय," एकदा म्हणाला. "पाखरं उडत नाहीयेत." मी म्हटलं, तू कधी येतोस ते सांग. त्याने पाखरांचंच पुन्हा सांगितलं.

सिस्टर आपली वळकटी घेऊन माझ्या फ्लॅटवर आल्या आणि बसल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. खिडक्यांच्या काचांवर त्यांनी चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या. आपल्या ट्रंकेतलं कुळथाचं पीठ आणून रोज पिठलं केलं. मला त्या पिठल्याचा कंटाळा आला होता, तसं मी बोललेही. "तुझ्यासाठी नाय करत," त्या म्हणाल्या. "कदमांसाठी करतेय." कदम म्हणजे, नवऱ्याच्या आडनावाने, माझ्या पोटातलं. कदमांशी सिस्टरांचं रोज संध्याकाळी बोलणं होत असे, हवापाण्यापासून सगळं. माझ्याशी मात्र एकच विषय. मी माहेरची चिखले. एकुलती एक. वडिलांच्या मागे चिखले उरत नाहीत. म्हणजे सिस्टरांच्या शास्त्राला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणं शक्य नव्हतं.

"सिस्टर, मुलगी झाली तर तिला चिखले म्हणायचं?"

"का, तुझ्या बापाला लोक म्हणतातच ना? तो काय लाजतो?"

मी फोनवर नवऱ्याला सांगितलं. तो महिन्याभरात पहिल्यांदा हसला. तेवढ्यासाठी मी सिस्टरांची जन्मभर ऋणी आहे.

लढाई चालू असतानाच मुलगी झाली. सिस्टर सबंध वेळ माझा हात धरून होत्या. दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातला रेडिओ बंद केला, तेवढा एकदाच. बाळ पुसून माझ्याजवळ आणलं आणि म्हणाल्या, "कदम आले." मग नीट बघून, "आल्या."

दुसऱ्या दिवशी सिस्टर कदमांचं मनगट दोन बोटांत धरून पट्टी सैल करत होत्या. उन्हं आत आली होती. मला एकदम भरून आलं. माझी आई तिकडे, नवरा भोंग्यांच्या गावात, आणि या बाईने मला पोटच्या मुलीसारखं सांभाळलं होतं. मी म्हटलं, "सिस्टर, ठरलं. माझ्या मुलीला आडनावच नाव म्हणून ठेवायचं. पण चिखले नाही. तारी."

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर हसतील. त्यांनी पट्टी सोडली. चेहरा इतका कठीण झाला, की मी उशीवरून डोकं उचललं.

"माझं नाव कुणी मागितलंय तुझ्याकडे?"

"मी आपलं प्रेमाने..."

"त्या नावाची दोन माणसं आहेत जगात. एक मी, एक तो. तिसरं आणायचा हक्क त्याचा आहे. तो येणार, लग्न करणार, त्याला लागणार ते नाव." मग त्या म्हणाल्या, "तुझ्या पोरीला मी ते दिलं, म्हणजे मी त्याला मनातून पोचवला. समजलं? परत बोलू नको." आणि बाळाला उचलून गेल्या. त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. कदमांशी मात्र नेहमीसारखंच.

पुढच्याच काही दिवसांत कुवेत सुटलं. हॉस्पिटलात मिठाई फिरली. सिस्टरांनी एक पेढा बाजूला कागदात बांधून ठेवला, का ते कुणी विचारलं नाही. फोन लागेनात. वकिलातीत विचारलं, तिथे म्हणाले धीर धरा. त्या धीर धरत होत्या. भावासाठी त्यांनी बलदमधून दोन शर्ट आणले. मापाची खात्री नव्हती, म्हणून एक मोठा आणि एक लहान.

आता हे लिहिताना बाहेर पुण्यातली दुपार आहे. आम्ही सौदी सोडून किती काळ लोटला. सिस्टर त्यानंतर बरीच वर्षं तिथे नोकरीला होत्या, मग गावी खाडीकाठी येऊन राहिल्या. दिवाळीला फोन यायचा. माझी चौकशी दोन वाक्यांत उरकून म्हणायच्या, "दे आता तिच्याकडे." त्या दोघींचं काय बोलणं व्हायचं ते दोघींनाच ठाऊक. मुलगी आधी इंग्रजीत उत्तरं द्यायची, नंतर नंतर तिच्या तोंडी गो आणि नाय यायला लागलं. एका दिवाळीला फोन आला नाही. मी केला तर कुणी उचलला नाही. गावात विचारायला आम्ही गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि शेजारणीने सिस्टर गेल्याचं सगळं सांगितलं. परतताना गाडी पुलावर थांबवून मुलगी खाली उतरली आणि खाडीकडे बघत उभी राहिली. मी तिला हाक मारली नाही. त्यांची आठवण टाळावी म्हटलं, तरी घरात त्यांचं नाव रोज घ्यावं लागतं.

कारण बारसं तसं झालं.

नवरा येईपर्यंत मी बारसं थांबवलं होतं. तो मार्चअखेर आला, वाळलेला, आणि मुलीला हातात घ्यायलाच घाबरत होता. आम्ही दोघांनी मिळून नाव ठरवलं: स्नेहा. चारचौघांसारखं. सिस्टरांचा मान राखायला लाडाचं नाव चिखले ठेवू, असं नवराच म्हणाला. कानात नाव सांगायला आत्या हवी. नवऱ्याची बहीण सांगलीला. म्हणून आत्याचा मान सिस्टरांना दिला. त्यांनी आदल्या दिवशीच हॉस्पिटलातला जुना चाकांचा पाळणा आणून झेंडूच्या रंगाच्या ओढणीने सजवला.

त्याच सकाळी अत्तरवाल्या भाईंचा फोन आला. बाबूच्याच इमारतीत राहणारा एक राजापूरचा माणूस कुवेतहून मक्केला उमऱ्यासाठी आलाय, दुकानात बसलाय, सिस्टरना पाठवा. सिस्टर तशाच गेल्या. जाताना दोन्ही शर्ट पिशवीत घालून घेतले, त्या माणसाबरोबर द्यायला.

बायका जमल्या. ओल्या हरभऱ्यांच्या ओट्या भरून तयार होत्या. सिस्टर उशिरा आल्या. हात रिकामे. मी दारातच विचारलं, "भेटला का तो?"

"भेटला."

"काय म्हणाला?"

"आधी बारसं होऊ दे गो. लेकराला किती ताटकळत ठेवायचं." आणि आत जाऊन त्यांनी हात धुतले, ड्यूटीवर धुतात तसे, कोपरापर्यंत.

शर्टांची पिशवी कुठे आहे, हे मला तेव्हाच विचारावंसं वाटलं. पण बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या सुरू केलं होतं. पाळण्याखालून-वरून बाळ फिरलं, निजवलं, आणि सगळ्या म्हणाल्या, आत्या, आत्या. सिस्टर पाळण्यावर वाकल्या. बाळाच्या कानाला तोंड लावलं. रिवाजाप्रमाणे बायका त्यांच्या पाठीत धपाटे घालू लागल्या. हसत हसत, चांगले जोरात. "आत्याबाई, काय नाव ठेवलं? सांगा की."

सिस्टर बराच वेळ कानातच बोलत राहिल्या. मग डोकं अर्धवट वर करून म्हणाल्या, "तारी."

एक क्षण कुणाला कळेना. मग हशा पिकला. "अगं बाई, आत्याने आपलंच आडनाव ठेवून घेतलं." "घाला आणखी दोन, अशी कशी ही आत्या." नवरा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "अगं, आपलं तर ठरलं होतं..." मी त्याचं मनगट घट्ट धरलं. दोन माणसांच्या त्या नावात आता तिसरं आणलं होतं, आणि ते आणणारा बाबू नव्हता.

सिस्टर पाळण्यावर वाकून तशाच उभ्या होत्या. चेहरा बाळाच्या अंगावरच्या दुपट्यात होता. बायका हसत होत्या आणि धपाटे पडत होते, आणि त्या एकालाही चुकवत नव्हत्या. मी पुढे झाले, एकेकीचे हात धरले आणि म्हटलं, "पुरे. आता मारू नका त्यांना."